चाळीस हजार ओळींचा धनी

“पण मॅडम, जुनं ठेवून करायचं तरी काय, ते एकदा सांगा ना मला.”

शार्दूलनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाई पावटा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग उघडली, आत किडका दाणा निघाला, तो बाजूला टाकला.

“चहा घेणार?” त्यांनी विचारलं.

आता याला काय उत्तर म्हणायचं? पण खरमाटे बाई अशाच. आधी कोण कुठं बसलं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे मग मला नीट चिडता येईल.

बसलो होतो पाटाच्या चौकीत. पाट म्हणजे धरणाचा कालवा. त्याच्या कडेला ही दगडी चौकी, पुढं ओसरी. पूर्वी इथं पाटकरी राहायचा, म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि झाकणारा माणूस. बाईंचे वडील पाटकरी होते, बाई याच ओसरीत वाढल्या. पुढं तंत्रनिकेतनात तीस वर्षं गणित आणि कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या आणि परत इथंच राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी आमच्या पाणीवाटप संस्थेला एक सॉफ्टवेअर लिहून दिलं. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ पाणी, याचं पाळीपत्रक ते काढतं. आज बासष्ट संस्था ते वापरतात.

मी निवृत्ती बाबर. त्या सॉफ्टवेअरचा फोन मी उचलतो. पाळी चुकली की पहिल्या शिव्या मला. बाईंनी शिकवलं म्हणून थोडंफार कोडही लिहितो, दहावी पास माणसाला जमेल तेवढं.

आणि हा शार्दूल मोहोळकर. तिशीच्या आतला. पुण्यात मोठ्या कंपनीत होता, गावाकडं परत आला, संस्थेनं सॉफ्टवेअर त्याच्या हवाली केलं. पोरगा हुशार आहे, हे मी चिडलेला असतानाही कबूल करतो. येऊन अकरा महिने झाले तरी बाईंना मॅडम म्हणतो.

चौथ्या हौसाबाई कोळेकर. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या, खोरं मांडीवर आडवं घेऊन. त्यांना चहा नको होता.

“मॅडम, मी चहाचं नाही विचारत,” शार्दूल म्हणाला. “आतला जुना कॉम्प्युटर बंद करायची परवानगी मागतोय.”

“कर की,” बाई म्हणाल्या. “त्यातलं दप्तर नेलंस का सगळं?”

...

दप्तर म्हणजे काय तेही सांगायला हवं. सॉफ्टवेअरमधली एक ओळ जरी बदलली, तरी ती कोणी बदलली, कधी बदलली आणि का बदलली, याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. तिला आम्ही दप्तर म्हणतो. आमचं दप्तर सतरा वर्षांचं. सबव्हर्जन नावाच्या जुन्या पद्धतीचं, आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. शार्दूलनं पंधरा दिवसांपूर्वी ते गिट नावाच्या नव्या पद्धतीत हलवलं.

हलवलं म्हणजे काय केलं, तर सतरा वर्षांतलं शेवटचं पान तेवढं उचललं. बाकी सगळं मागं. नव्या दप्तरात पहिली आणि एकुलती एक नोंद: “सुरुवात.” अहो, सुरुवात कसली? सतरा वर्षं आम्ही काय गोट्या खेळत होतो?

आणि नेण्याआधी त्यानं कोडात झाडलोट केली. त्या झाडलोटीत एक ओळ गेली.

ती ओळ नऊ नंबरच्या चारीची. चारी म्हणजे पाटातून फुटणारा लहान कालवा. पाळी सुरू व्हायच्या चाळीस मिनिटं आधी त्या चारीचं दार उघडायचं, एवढंच ती ओळ सांगायची. बाकी कुठल्याच चारीला असा नियम नाही. शार्दूलला वाटलं, कोणीतरी चुकून लिहिलंय.

आमच्याकडं शेजपाळी चालते. पाणी आधी चारीच्या शेपटाला, मग एकेक शेत करत वर मुखाकडं. नऊ नंबरच्या शेपटाला हौसाबाई. म्हणजे दार उघडलं की पहिली पाळी त्यांची. काल सकाळी दोन तासांची पाळी होती. त्या बांधावर खोरं घेऊन उभ्या. पाणी आलं ते चाळीस मिनिटं उलटल्यावर. एक तृतीयांश गहू कोरडा राहिला, आणि घड्याळ बघून वरच्या शेतकऱ्यानं पाणी वळवून घेतलं. त्याचंही चुकलं नाही, त्याच्या हातात छापील पाळीपत्रक होतं.

पाट उद्या सकाळी बंद. पुढची पाळी पंचवीस दिवसांनी. हौसाबाईंचा गहू पोटरीत, ओंबी बाहेर पडायच्या आधीचा. या वेळेला पाणी चुकलं की दाणा भरत नाही. पंचवीस दिवसांनी गंगा आणून सोडली तरी उपयोग नाही.

आणि संस्थेचा नियम काय? जादा पाणी हवं असेल तर छापील अर्ज. त्यात एक रकाना, “चूक कोणाची.” त्यात नाव आणि सही असल्याशिवाय अध्यक्ष दार उघडू देत नाहीत. नाहीतर रोज कोणीतरी चूक झाली म्हणत येईल, असं त्यांचं म्हणणं.

अर्ज सकाळपासून शार्दूलच्या बॅगेत होता. रकाना कोरा. दुपारचे दोन वाजले होते.

...

“तो विषय वेगळा आहे,” शार्दूल म्हणाला. “आणि त्या अर्जावर मी सही करणार नाही, हे मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितलंय.”

“का?”

“कारण चूक माझी नाही, मॅडम. नुसता चाळीस हा आकडा लिहून ठेवलाय. कशाचे चाळीस? का चाळीस? शेजारी एक शब्द नाही. असं कोण लिहितं? पुण्यात असं लिहिलं असतं तर त्याला उभा केला असता सगळ्यांसमोर. ज्यानं लिहिलं त्याची चूक. मी कचरा दिसला, तो काढला.”

“ज्यानं लिहिलं, तो कोण?”

“काय माहीत.” तो आता चांगलाच तापला होता. “तुम्हाला वाटतं मी जुनं दप्तर आणायचा प्रयत्न केला नाही? दोन दिवस घातले. जुन्या दप्तरात सगळ्यांची तुटकी नावं. नवीनमध्ये आणताना प्रत्येकासमोर खरं नाव आणि ईमेल द्यावा लागतो. एक जरी राहिला तरी माणूस माहीत नाही म्हणून काम तिथंच थांबतं. सात नावं लागेनात. पहिल्याच नावाला अडकलो. निबा. आता हा निबा कोण? आणि एक जण तर वारलेत म्हणे. मेलेल्या माणसाचा ईमेल कुठून आणू मी?”

निबा.

निवृत्ती बाबर. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्या लॅपटॉपची वायर माझ्या बोर्डात असते. माझ्या डब्यातली चटणी त्याला आवडते. दोन दिवस हा निबा कोण म्हणून डोकं धरून बसला होता आणि मान वळवून एकदा विचारलं नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी पावट्याची परडी माझ्या मांडीवर ठेवली.

“तू सोल,” म्हणाल्या.

मी सोलायला लागलो. काय करणार? पण दाणे कमी आणि टरफलं जास्त परडीत पडत होती.

...

“नवीन दप्तर चांगलं आहे का रे?” बाईंनी विचारलं.

शार्दूलचा चेहरा जरा उजळला. “खूपच चांगलं आहे. तुमच्या जुन्यात प्रत्येक नोंदीला या खोलीतलं मशीन चालू लागतं. लाइट गेली, काम थांबलं. रेंज गेली, काम थांबलं. नवीनमध्ये अख्खं दप्तर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतं. शेतात बसून काम करा. एक मशीन जळलं तरी काही बिघडत नाही, सगळं सगळ्यांकडं असतं.”

“सगळं सगळ्यांकडं.”

“हो.”

“मग हे आधीच आणायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “माझी कधी ना नव्हती.”

तो चकित झाला. भांडायच्या तयारीनं आला होता, आणि समोरून भांडणच काढून घेतलं.

“अख्खं दप्तर प्रत्येकाकडं,” बाई परत म्हणाल्या, हळूच. “आणि दप्तरात काय?”

...

“एक पान,” शार्दूल म्हणाला.

पायरीवरून हौसाबाईंचा आवाज आला. “तुमचं पान आन् दप्तर ऱ्हाऊ द्या तिकडं. माझ्या गव्हाचं काय ते बोला. मी सकाळधरनं हितं बसलेय. चूक झाली म्हंत्यात सगळी, आन् धनी कुनीच न्हाई. मग काय चूक माझी? मी बांधावर उभी ऱ्हायले ही?”

 बरोबरच बोलत होत्या त्या.

“नाही हौसाबाई, धनी आहे,” बाई म्हणाल्या. “दप्तरात असतोच. शार्दूल, तुझ्या नव्या दप्तराला विचार. पाळीपत्रकाची ओळ न् ओळ कोणाची आहे?”

विचारायला एक हुकूम असतो. त्याचं नाव ब्लेम. म्हणजे दोष. तो टाइप केला की प्रत्येक ओळीच्या शेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव येतं. शार्दूलनं लॅपटॉप उघडला आणि रागारागानं तो हुकूम दिला. मला वाटतं, त्याला निबा सापडेल अशी आशा होती. विसरला होता बिचारा, की निबाला त्यानंच मागं टाकलंय.

पडद्यावर ओळी आल्या.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. “शार्दूल मोहोळकर. शार्दूल मोहोळकर. शार्दूल मोहोळकर. खाली घे. शार्दूल मोहोळकर. अजून खाली. शार्दूल मोहोळकर.”

“ते तसं नाही, मॅडम. मी फक्त आणून ठेवलं.”

“दप्तर काय म्हणतं?”

“ते असंच दाखवणार. पहिली नोंद माझी आहे ना.”

“दप्तर खोटं बोलतं का?”

“नाही. पण...”

“किती ओळी आहेत सगळ्या?”

“चाळीस हजार आणि काहीतरी.”

“तारीख?”

“एकच आहे.”

“वेळ?”

 वेळही एकच होती.

“एका मिनिटात चाळीस हजार ओळी,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं शिकवलं मी. असला विद्यार्थी नाही मिळाला.”

हौसाबाई खोरं टेकून उठल्या. दोन पायऱ्या चढून वर आल्या आणि शार्दूलकडं नीट बघितलं. “म्हंजे धनी ह्येच का?”

“दप्तर तसंच म्हणतंय,” बाई म्हणाल्या.

...

मग मात्र शार्दूल उसळला. “हा अन्याय आहे. सतरा वर्षांत दहा जणांनी घातलेला गोंधळ, आणि सगळा दोष माझ्या एकट्याच्या नावावर?”

“दहा जणांनी केलेलं चांगलं कामही तुझ्या एकट्याच्या नावावर आलंय,” बाई म्हणाल्या. “त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हा नाही ओरडलास.”

बाईंचा आवाज चढला नव्हता. पण मी त्यांना सतरा वर्षं ओळखतो, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणजे मी एकटाच चिडलेलो नव्हतो. मला बरं वाटलं.

शार्दूल बघत राहिला. आधी बाईंकडं, मग हौसाबाईंच्या पायांकडं. पाय कोरडे होते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत चिखल वाळलेला असतो सगळ्यांच्या. त्यांच्या एकाच पायाला होता, तोही थोडासा.

त्यानं बॅगेतून अर्ज काढला. रकान्यात नाव लिहिलं आणि सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

“झालं?” त्यानं विचारलं.

खरं म्हणजे मी इथं गप्प बसायला हवं होतं. पण अकरा महिन्यांचं साठलं होतं. मी परडी खाली ठेवली.

“थांबा,” म्हटलं. “निबा कोण ते बघायचंय ना? या आत.”

...

आतल्या खोलीत जुना कॉम्प्युटर घरघरत होता. मी बसलो आणि तोच प्रश्न जुन्या दप्तराला विचारला. पण ब्लेम टाइप नाही केलं. जुन्या दप्तरात त्याच कामाला दुसरंही एक नाव आहे. प्रेझ. म्हणजे शाबासकी. बाईंनी मला पहिल्या दिवसापासून तेच शिकवलं होतं.

नऊ नंबरच्या चारीची ओळ आली. शेजारी नाव, निबा. नोंद आठशे बारा. मी नोंद उघडली आणि मोठ्यानं वाचली. शब्द न् शब्द पाठ होती, तरी वाचली.

“नऊ नंबरची चारी रस्त्याखालच्या मोरीतून जाते. मोरी खोल आहे. ती भरल्याशिवाय पाणी पलीकडं निघत नाही. भरायला चाळीस मिनिटं लागतात. ती वेळ शेपटाच्या पाळीतून जाऊ नये, म्हणून दार तेवढं आधी उघडावं. स्वतः उभं राहून मोजलं आहे. निवृत्ती बाबर.”

शार्दूलनं ते पडद्यावर परत वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

“काका, तुम्ही?”

“नाही, माझं भूत,” मी म्हटलं. “निबा कोण, निबा कोण. अरे, वायर कोणाच्या बोर्डात लावतोस रोज? पुण्यात शेजारच्याला नाव विचारत नाहीत का? गुडघाभर पाण्यात उभा राहिलो होतो मी त्या मोरीच्या तोंडाशी. हातात घड्याळ घेऊन. आणि तू म्हणे कचरा काढला.”

त्याची मान खाली गेली. मला इतकं समाधान झालं की काय सांगू. दारात हौसाबाई उभ्या होत्या, त्यांच्यासमोर झालं म्हणून जास्तच.

“छान,” मागून बाई म्हणाल्या. “आता ब्लेम लाव.”

“कशाला? तेच येणार की.”

“लाव.”

लावलं. तीच ओळ. तोच आकडा. शेजारी तेच नाव, निबा.

बाईंनी काठीसारखं बोट पडद्यावर टेकवलं. चाळीसच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं.

“इथं मोरी ही दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं?”

“नोंदीत लिहिलंय की सगळं, बाई.”

“ओळीत?”

...

“ओळीत नाही लिहिलं,” मी म्हटलं.

बाईंनी अर्ज माझ्यापुढं धरला. शार्दूलच्या नावाखाली बोटभर जागा होती.

मी म्हटलं, “बाई, हे काही बरोबर नाही.” बाईंनी पेन पुढं केलं. मी म्हटलं, “दहा वर्षं ती ओळ बिनबोभाट चालली.” बाईंनी पेनचं टोपण काढलं. मग मी सही केली. शपथेवर सांगतो, माझंही पेन कागदातून आरपार गेलं.

हौसाबाईंनी दोन्ही सह्यांकडं बघितलं. त्यांना वाचता येतं की नाही मला माहीत नाही. “दोन धनी झालं,” म्हणाल्या. “आता पानी सोडा.”

...

अध्यक्षांना फोन केला, अर्जाचा फोटो पाठवला. चार वाजता दार उघडायचं ठरलं.

शार्दूल म्हणाला, “मी तोवर ती ओळ परत घालतो. चाळीस. आणि शेजारी मोरी लिहितो.”

बाईंनी हातातलं घड्याळ सोडून त्याच्यापुढं धरलं. चावीचं, त्यांच्या वडिलांचं. पट्टा दोनदा बदललेला.

“मोरीवर जा. पाणी आत शिरलं की बघ, बाहेर पडलं की बघ. मग घाल.”

“फोनमध्ये घड्याळ आहे, मॅडम.”

बाईंनी हात तसाच पुढं धरला. त्यानं घड्याळ घेतलं.

मीही गेलो. मला कोणी पाठवलं नव्हतं. पण माझं माप कोणी नीट मोजतंय का, हे बघायला नको?

चार वाजता दार उघडलं. पाणी चारीतून आलं आणि मोरीच्या अलीकडच्या तोंडात शिरलं. शार्दूलनं बूट काढले, पँट दुमडली आणि पलीकडच्या तोंडाशी खाली उतरला. तिथं पाण्याची वाट अडवून गाळ बसला होता, पाय फसला, तो गुडघ्यापर्यंत भरला. मी वर कठड्यावर बसलो. पुढं शेतात हौसाबाई खोरं घेऊन उभ्या.

मोरी भरायला लागली की करण्यासारखं काहीच नसतं. उभं राहायचं. दहा मिनिटं गेली. मग वर न बघताच म्हणाला, “काका, बाकीची सहा नावं कोणाची?”

अकरा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. मला परत राग आला, आणि त्याच रागात मी सगळी सांगितली. एक बाईंची भाची, ती आता नर्स आहे. एक नंतरच्या पाटकऱ्याचा मुलगा, सहा महिने शिकला आणि सैन्यात गेला. दोघी पॉलिटेक्निकच्या मुली, त्यांनी पाळीचा निरोप फोनवर जायची सोय केली. एक तर संस्थेचा शिपाई, त्यानं एकच ओळ लिहिली होती, आणि ती अजून चालते. आणि वारले ते वाघमोडे तात्या. पाळीपत्रकाची अक्षरं मोठी छापायची हे त्यांचं काम. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही म्हणून ते बाईंशी आठवडाभर भांडले होते.

“त्यांच्या ईमेलच्या जागी काय घालू?”

“चौकीचा घाल,” मी म्हटलं. “मुक्काम तिथंच असायचा त्यांचा.”

त्यानं फोनवर लिहून घेतलं. गाळात उभा राहून, एका हातात बाईंचं घड्याळ धरून.

मग मोरीच्या तोंडातून आधी हवा आली, मग काडीकचरा, आणि मग पाणी. त्याच्या मांड्यांना धडकून पुढं गेलं. हौसाबाईंनी पहिला वाफा फोडला. कोरड्या मातीत पाणी शिरताना होतो तो आवाज ऐकू आला. त्या वाफ्यात उतरल्या. आम्हाला विसरल्या होत्या.

शार्दूलनं घड्याळ बघितलं. परत बघितलं.

...

सूर्य मावळायला आम्ही चौकीत पोचलो. बाई ओसरीत बसल्या होत्या. पावटा निवडून झाला होता, त्यातली माझी टरफलं वेगळी काढून ठेवली होती.

“बाई,” शार्दूल म्हणाला.

बाई. मी ऐकलं. त्यांनीही ऐकलं असणार, पण काही दाखवलं नाही.

“पोचलं पाणी?” त्यांनी विचारलं.

“पोचलं. तिसरा वाफा चालू होता आम्ही निघालो तेव्हा.” तो घुटमळला. “पण बाई, चाळीस नाही लागली. सेहेचाळीस लागली.”

“चाळीस,” मी म्हटलं.

“काका, सेहेचाळीस. मी बघत होतो.”

“मी मोजलेलं आहे.”

“मी आत्ता मोजलंय.”

“घड्याळ पुढं पळत...”

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी वडिलांच्या घड्याळाबद्दलचं वाक्य अर्ध्यात सोडलं. पण मी मनातून हटलो नव्हतो, हे नमूद करतो. त्या पाण्यात मी उभा होतो. आठशे बारा नंबरची नोंद आहे माझी.

शार्दूल पायरीवर बसला. चिखल वाळून त्याच्या पिंढऱ्यांवर चरे पडले होते. आवाजात आता राग नव्हता, पण पोरगा खरोखरच अडला होता.

“सगळी नावं मिळाली, बाई. आज रात्रीत सतरा वर्षांचं सगळं नवीन दप्तरात येईल, एकही नोंद न गाळता. पण ही ओळ लिहायची कशी? काकांनी उभं राहून मोजलं, चाळीस आलं. मी उभं राहून मोजलं, सेहेचाळीस आलं. खोटं कोणीच बोलत नाही. मग यातलं चुकीचं कोणतं? काकांचं खोडू का?”

मी बाईंकडं बघितलं. म्हटलं, आता तरी माझ्या बाजूनं बोलतील.

बाईंनी त्याच्या हातातून घड्याळ घेतलं. काचेवरचा चिखल पदरानं पुसला. सावकाश चावी दिली. कानाला लावून ऐकलं...

“खोडू नकोस. खाली तुझं लिही,” त्या म्हणाल्या. “मोरीत गाळ अजून साठतोच आहे.”